कुंडीतला ओलावा ते पंप: आयओटीचे उघडे सांधे

कुंडीतली माती सुकली की छोटा पंप आपोआप दहा सेकंद चालावा आणि ओलाव्याचा आकडा मोबाइलवर दिसावा. मागणी एवढीच. पण ती पुरी करायला पाच गोष्टी एकमेकींना जोडाव्या लागतात: मातीत खोचलेला सेन्सर, त्याचा आकडा वाचणारी चिप, चिपमध्ये भरलेला प्रोग्राम म्हणजे फर्मवेअर, निरोप इकडून तिकडे पोचवणारा सर्व्हर आणि त्या निरोपावरून काय करायचं ते ठरवणारे नियम. तयार मिळणाऱ्या 'स्मार्ट' वस्तूत हे पाचही भाग एकाच डबीत बंद असतात. ओपन सोर्स आयओटीत, म्हणजे इंटरनेटला जोडलेल्या वस्तूंच्या खुल्या दुनियेत, भागांमधले सांधे उघडे राहतात, त्यामुळे मधलाच एखादा भाग काढून तिथे दुसरा बसवता येतो. या क्षेत्रात जी कल्पकता दिसते ती बहुतेक या सांध्यांवरच घडलेली आहे. हे सांधे कुठे असतात आणि कुठे निखळतात, ते या कुंडीच्याच उदाहरणाने पाहू.

उघडं म्हणजे नेमकं काय

'ओपन सोर्स' म्हटलं की 'फुकट' हा अर्थ चटकन डोक्यात येतो. तो इथे गौण आहे. मूळ कोड वाचायची, बदलायची आणि बदललेला पुढे द्यायची लेखी परवानगी असते, तेव्हा त्याला ओपन सोर्स म्हणतात. यात 'लेखी' हा शब्द महत्त्वाचा. ज्या कोडसोबत लायसन्स नाही तो नुसता दिसतो, उघडा नसतो. कॉपीराइट लिहिणाऱ्याकडेच राहतो. एमआयटी किंवा अपाची लायसन्सचा कोड तुम्ही स्वतःच्या बंद वस्तूतही वापरू शकता, फक्त मूळ श्रेय आणि लायसन्सचा मजकूर सोबत ठेवायचा. जीपीएल जास्त कडक आहे: असा कोड घातलेली वस्तू दुसऱ्याला दिलीत, तर तुमच्या बदलांसकट तो कोडही मागणाऱ्याला द्यावा लागतो.

या अटीमुळे काय होऊ शकतं, याचं उत्तम उदाहरण म्हणजे लिंक्सिसचा डब्ल्यूआरटी५४जी हा राउटर. त्याच्या पोटात लिनक्स ही जीपीएलखालची संगणकप्रणाली आहे हे लोकांच्या लक्षात आलं आणि जीपीएलच्या अटीनुसार कंपनीने २००३ मध्ये फर्मवेअरचा कोड खुला केला. त्या कोडमधून २००४ मध्ये ओपनडब्ल्यूआरटी हा प्रकल्प उभा राहिला, आणि घरात वायफाय देणारी ती डबी लोकांच्या हातात एक छोटा संगणक बनली. उलट बाजूचंही उदाहरण आहे. घरातली उपकरणं चालवणारा रिव्हॉल्व्ह नावाचा हब १५ मे २०१६ रोजी निकामी झाला. यंत्र धडधाकट होतं. ज्या सर्व्हरवर ते अवलंबून होतं तो कंपनीने बंद केला.

सगळंच उघडं असतं असंही नाही. ईएसपी३२ या लोकप्रिय चिपची विकासप्रणाली अपाची लायसन्सखाली मिळते, पण तिचा वायफायचा भाग कंपनी आधीच कंपाइल करून, म्हणजे यंत्राच्या भाषेत बदलून, देते. तो वाचता येत नाही. म्हणून 'हे ओपन सोर्स आहे का' असं सरसकट विचारण्यापेक्षा 'कुठला थर उघडा आहे' असं विचारलेलं बरं.

चिप आणि तिच्या खोडी

२०१४ मध्ये ईएसपी८२६६ ही चिप आली ती वायफाय मॉडेम म्हणून. दुसऱ्या एखाद्या चिपने तिला आज्ञा द्यायच्या आणि तिने इंटरनेटशी बोलायचं, अशी मूळ कल्पना. पण आतला प्रोसेसर बऱ्यापैकी ताकदीचा होता. हौशी लोकांनी चिनी कागदपत्रांचं भाषांतर केलं, त्याच वर्षी कंपनीने विकासप्रणाली खुली केली आणि २०१५ मध्ये ही चिप अर्डुइनोच्या पद्धतीने थेट प्रोग्राम करता येऊ लागली. दुसरी चिप लागेनाशी झाली. अर्डुइनोचं स्वतःचं मूळ २००५ सालचं, इटलीतल्या इव्रेआच्या डिझाइन संस्थेतलं. इलेक्ट्रॉनिक्स न शिकलेल्या विद्यार्थ्यांना वापरता यावा असा तो बोर्ड होता.

आपल्या कुंडीसाठी ईएसपी३२ चा साधा डेव्हलपमेंट बोर्ड घ्या. तो ३.३ व्होल्टवर चालतो, त्याच्या पिनला ५ व्होल्ट लावायचे नाहीत. सेन्सरची तार जीपीआयओ, म्हणजे चिपच्या सर्वसाधारण वापराच्या पिनांतल्या, ३२ ते ३९ यांपैकीच एका पिनला जोडा. याचं कारण ठाऊक नसेल तर दोन दिवस वाया जातात: चिपमध्ये अ‍ॅनालॉग वाचणारे दोन कन्व्हर्टर आहेत आणि वायफाय चालू असताना दुसरा कामाला येत नाही; या पिना पहिल्याच्या आहेत. नुसत्या चाचणीत वाचन झकास येतं, वायफाय जोडलं की बिघडतं, आणि आपण सेन्सरला दोष देत बसतो. ३४ ते ३९ या पिनांवर फक्त इनपुट घेता येतं, पंप तिथून चालवता येणार नाही. जीपीआयओ १२ शक्यतो मोकळाच ठेवा; बोर्ड सुरू होताना त्यावर ३.३ व्होल्ट असतील तर फ्लॅश मेमरीचं व्होल्टेज चुकीचं निवडलं जातं आणि बोर्ड उठतच नाही.

आणखी एक साधी गोष्ट. हा बोर्ड फक्त २.४ गिगाहर्ट्‌झचं वायफाय पाहतो. राउटर ५ गिगाहर्ट्‌झवरच ठेवला असेल, तर पासवर्ड कितीही वेळा तपासा, जोडणी होणार नाही.

सेन्सर: आकडा येतो, पण कशाचा?

ओलाव्याचे सेन्सर दोन जातींचे. दोन उघड्या धातूच्या पट्ट्यांमधून वीज सोडून रोध मोजणारा सेन्सर मातीत गंजतो, कारण ओल्या मातीत सतत वीज सोडणं म्हणजे इलेक्ट्रोलिसिसच. काही आठवड्यांत पट्टी झिजते आणि माती कोरडी असल्याचे खोटे आकडे येऊ लागतात. कपॅसिटिव्ह जातीत धातू मातीला लागत नाही, म्हणून ती टिकते. मात्र तिच्या पाटीच्या कापलेल्या कडा बहुधा उघड्या असतात आणि तिथून पाणी आत झिरपतं. कडांना आणि वरच्या इलेक्ट्रॉनिक्सला इपॉक्सी किंवा नेलपॉलिशचे दोन-तीन हात द्या. माती सेन्सरवर छापलेल्या रेषेच्या वर जाऊ देऊ नका.

हा सेन्सर 'इतके टक्के ओल' असं काही सांगत नाही. तो एक व्होल्टेज देतो, चिप त्याचा ० ते ४०९५ मधला आकडा करते, आणि गंमत म्हणजे माती जितकी ओली तितका आकडा लहान. म्हणून प्रत्येक सेन्सर स्वतंत्रपणे जुळवावा लागतो. तो हवेत धरून आकडा लिहा, मग रेषेपर्यंत पाण्यात बुडवून लिहा. समजा हवेत २६०० आणि पाण्यात ११०० आले. आता मातीत १८५० आले तर (२६०० − १८५०) ÷ १५०० × १०० म्हणजे ५० टक्के. पण हे ५० टक्के मातीतल्या पाण्याचं खरं प्रमाण नव्हे. तुमच्या दोन टोकांमधली ती एक जागा आहे. त्या झाडाला पाणी कधी लागतं ते ठरवायला झाडाचीच मदत घ्या: पाणी न घालता वाट पाहा, पानं मलूल व्हायच्या आदल्या दिवशीचा आकडा टिपा, त्याच्या थोडं वर उंबरठा ठेवा. चिकणमातीचा उंबरठा वाळूमिश्रित मातीला चालत नाही.

एकाच वाचनावर विश्वास ठेवू नका. अर्ध्या सेकंदाच्या अंतराने सात वाचनं घेऊन ती क्रमाने लावा आणि मधलं निवडा. सरासरीपेक्षा हे बरं, कारण एखादं भरकटलेलं वाचन सरासरीला ओढतं, मधल्या आकड्याला नाही. ईएसपीहोम या फर्मवेअरमध्ये हा मध्यक काढणारा फिल्टर आणि दोन टोकं जुळवणारा फिल्टर असे दोन्ही तयार आहेत; आपण वायएएमएल या साध्या मजकुराच्या फाइलमध्ये चार ओळी लिहायच्या. त्या फाइलीत टॅब वापरला की ती वाचलीच जात नाही, स्पेसच द्यायची.

निरोप्या

आता आकडा बाहेर पाठवायचा. इथे एमक्यूटीटी नावाची एक जुनी आणि अतिशय काटकसरी पद्धत कामाला येते. आयबीएमचे अँडी स्टॅनफर्ड-क्लार्क आणि आर्कॉम कंपनीचे आर्लेन निपर यांनी ती १९९९ मध्ये तयार केली, तेलाच्या पाइपलाइनीवरची उपकरणं महागड्या आणि सावकाश उपग्रह जोडणीवरून तपासता यावीत म्हणून. निरोपाचं निश्चित शीर्षक कमीत कमी २ बाइटचं. पुढे ती खुली, प्रमाणित पद्धत झाली आणि आज तीच आपल्या कुंडीसाठी राबते आहे. पाइपलाइनीवाल्यांनी कुंडीचा विचार केला नव्हता. सांधा उघडा ठेवला एवढंच.

कल्पना वर्तमानपत्राच्या कचेरीसारखी आहे. मध्ये एक ब्रोकर बसतो. मॉस्किटो हा ओपन सोर्स ब्रोकर रास्पबेरी पायसारख्या छोट्या संगणकावर आरामात चालतो. बोर्ड एका विषयावर, म्हणजे टॉपिकवर, निरोप पाठवतो. ज्यांनी त्या विषयाची वर्गणी भरली आहे त्या सगळ्यांना तो पोचतो. पाठवणाऱ्याला घेणारे कोण ते ठाऊकच नसतं. म्हणून उद्या तुम्हाला आकड्यांचा आलेख काढावासा वाटला, तर बोर्डाला हात न लावता आलेख काढणारा प्रोग्राम त्याच विषयाचा वर्गणीदार होतो. टॉपिकचं नाव यूटीएफ-८ या सगळ्या लिपी लिहिता येणाऱ्या संकेतपद्धतीत असतं, त्यामुळे 'बाग/कुंडी१/ओलावा' असं मराठी नावही चालतं. फक्त देवनागरीतली खूण ३ बाइट घेते हे लक्षात असू द्या. 'ओलावा' हा शब्दच १५ बाइटचा होतो, आणि अर्डुइनोच्या पबसबक्लायंट या लायब्ररीत अख्ख्या निरोपाची मर्यादा मुळात २५६ बाइट असते. त्यापेक्षा मोठा निरोप जात नाही, आणि परत आलेलं उत्तर तुम्ही तपासलं नाही तर कळतही नाही.

नेहमी चुकतं ते इथेच. जुन्या लेखातल्या पायऱ्या जशाच्या तशा केल्या आणि बोर्ड ब्रोकरला जोडला जात नाही, तर कारण बहुधा हे: मॉस्किटो २.० पासून ब्रोकर मुळात फक्त त्याच संगणकावरच्या जोडण्या घेतो. कॉन्फिगरेशन फाइलमध्ये १८८३ क्रमांकाच्या पोर्टसाठी लिसनरची, म्हणजे कुठल्या दारावर जोडण्या घ्यायच्या ते सांगणारी, ओळ आणि पासवर्ड फाइलचा पत्ता द्यावा लागतो. पासवर्डाशिवाय सर्वांना येऊ देणारी ओळ घालून सुटका करून घेण्याचा मोह होतो. घरातल्या चाचणीपुरतं ठीक, पण तसा ब्रोकर इंटरनेटला कधीही उघडा करू नका.

दुसरी तक्रार: दोन बोर्ड एकत्र लावले की दोघंही सतत तुटतात आणि जोडले जातात. एकच प्रोग्राम दोघांत भरलेला असतो, क्लायंटचं नावही तेच. ब्रोकर नव्या पाहुण्याला आत घेताना त्याच नावाच्या जुन्याला बाहेर काढतो, तो लगेच परत येतो, आणि हे चालूच राहतं. नावात चिपचा मॅक पत्ता, म्हणजे प्रत्येक चिपचा वेगळा असणारा क्रमांक, जोडा.

तिसरी चूक पाणी सांडवते. ब्रोकरला 'हा शेवटचा निरोप जपून ठेव' असं सांगता येतं. ओलाव्याच्या आकड्यासाठी हे छान, नवा वर्गणीदार आला की त्याला लगेच ताजा आकडा मिळतो. पण 'पंप चालू' ही आज्ञा जपून ठेवली, तर वीज जाऊन आली की प्रत्येक वेळी ती बोर्डाला नव्याने मिळते आणि पंप सुरू होतो. स्थिती जपावी, आज्ञा जपू नये.

पंप, पाणी आणि वीज

पंप थेट चिपच्या पिनवर चालत नाही. मध्ये मॉसफेट, म्हणजे छोट्या व्होल्टेजने मोठा प्रवाह चालू-बंद करणारा इलेक्ट्रॉनिक स्विच, घाला. तो लॉजिक लेव्हलचा, म्हणजे चिपच्या ३.३ व्होल्टला पुरता उघडणारा, हवा, उदाहरणार्थ एओ३४०० किंवा आयआरएलझेड४४एन. सर्रास मिळणारं आयआरएफ५२० चं मॉड्यूल ३.३ व्होल्टला अर्धवटच उघडतं, पंप रडतखडत चालतो आणि मॉसफेट तापतो. चिपच्या पिनपासून मॉसफेटच्या गेटकडे, म्हणजे त्याला उघडणाऱ्या पायाकडे, जाणाऱ्या वाटेवर २२० ओहम, आणि गेटपासून ग्राउंडला १० किलोओहमचा रेझिस्टर लावा. दुसरा नसेल तर बोर्ड सुरू होताना, पिनची स्थिती ठरायच्या आधी, पंप क्षणभर उचकी देतो. पंपाच्या दोन टोकांवर १एन४००७ डायोड, पट्ट्याची बाजू धनाकडे. पंप बंद होताना त्याच्या कॉइलमधून उलटा झटका येतो, तो या डायोडमधून जिरतो. डायोड नसेल तर मॉसफेट जातो किंवा बोर्ड रीसेट होतो. पंपाला वेगळा वीजपुरवठा द्या, पण दोन्हींचं ग्राउंड एकत्र जोडा. ते राहिलं तर गेटला व्होल्टेज कशाच्या तुलनेत मोजायचं तेच कळत नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं: पंप थांबवण्याचा निर्णय बोर्डातच ठेवा. सर्व्हरने 'चालू' आणि मग 'बंद' असे दोन निरोप पाठवायची रचना केली, तर मधल्या काळात वायफाय गेल्यावर पंप टाकी रिकामी होईपर्यंत चालेल. 'दहा सेकंद चालव' असा एकच निरोप पाठवा आणि सेकंद बोर्डाला मोजू द्या. शिवाय काहीही झालं तरी तीस सेकंदांपुढे नाही, आणि दोन पाळ्यांत किमान एक तास, अशी मर्यादा फर्मवेअरमध्येच घाला. बोर्ड सुरू होताना पंपाची पिन नेहमी बंद स्थितीत यावी असंही सांगून ठेवा, कारण ईएसपीहोम सर्व्हर सापडला नाही तर साधारण १५ मिनिटांनी स्वतःला पुन्हा सुरू करतं.

एवढं करूनही पंप बंद असताना पाणी वाहत राहिलं तर प्रोग्राम तपासू नका, टाकी कुठे आहे ते पाहा. टाकीतलं पाणी नळीच्या तोंडापेक्षा वर असेल तर वक्रनलिका तयार होते आणि पाणी आपल्या आपण उतरत राहतं. टाकी खाली ठेवा, किंवा नळीच्या सर्वांत उंच वळणावर, टाकीच्या तोंडाजवळ, बारीक भोक पाडा म्हणजे हवा शिरून धार तुटेल.

बॅटरीवर चालवायचं असेल तर हिशेब मांडा. बोर्ड सतत जागा ठेवला तर सरासरी ८० मिलिअँपिअर धरून २००० मिलिअँपिअर-तासांची बॅटरी २५ तास पुरते. दर अर्ध्या तासाला ५ सेकंद जागायचं, १०० मिलिअँपिअर खायचे आणि बाकी वेळ गाढ झोपायचं, असं केलं तर जागेपणाचा खर्च सरासरी ०.२८ मिलिअँपिअर येतो. झोपेत चिप जेमतेम ०.०१ घेते. कागदावर साडेनऊ महिने! प्रत्यक्षात डेव्हलपमेंट बोर्डावरचा एएमएस१११७ हा व्होल्टेज स्थिर ठेवणारा रेग्युलेटर एकटाच साधारण ५ मिलिअँपिअर पितो, चिप झोपलेली असो वा जागी, आणि मग तीच बॅटरी सोळा दिवसांत संपते. झोपेचा प्रोग्राम कितीही सुधारलात तरी हा खड्डा बुजत नाही. कमी गळतीच्या रेग्युलेटरचा बोर्डच घ्यावा लागतो. झोपलेला बोर्ड आज्ञाही ऐकत नाही, म्हणून सेन्सरचा बोर्ड बॅटरीवर आणि पंपाचा बोर्ड विजेवर अशी वाटणी सोयीची पडते.

नियम, आणि भलतीकडचे वापर

'ओलावा ३० च्या खाली आणि वेळ सकाळी सहा ते आठ, तर पंप' असे नियम लिहायला होम असिस्टंट किंवा नोड-रेड हा ओपन सोर्स प्रोग्राम घ्या. नोड-रेडमध्ये चौकोन ओढून तारांनी जोडायचे असतात. २०१३ मध्ये आयबीएममध्येच त्याची सुरुवात झाली. उंबरठा एकच ठेवलात तर आकडा २९ आणि ३१ यांच्यात हेलकावे खात राहतो आणि नियम परत परत पेटतो. म्हणून ३० ला सुरू, आणि ४५ गाठल्याशिवाय पुन्हा सज्ज व्हायचं नाही, असे दोन आकडे ठेवा.

सांधे उघडे असले की लोक काय करतात ते जर्मनीतल्या श्टुटगार्टमध्ये सुरू झालेल्या हवामापन प्रकल्पात दिसतं; आज त्याला सेन्सर.कम्युनिटी म्हणतात. ईएसपी८२६६ चा बोर्ड, एसडीएस०११ हा धूलिकण मोजणारा सेन्सर, आणि पेटी म्हणून काय, तर सांडपाण्याच्या ७५ मिलिमीटर नळाचे दोन कोपरे एकमेकांत बसवलेले. पाऊस आत येत नाही, हवा खालून येते, किडे अडवायला तोंडाला जाळी. नळाचा कोपरा कुठेही मिळतो, म्हणून ती रचना जगभर पसरली. तिची मर्यादाही सांगायला हवी: आर्द्रता ७० टक्क्यांपुढे गेली की कणांवर पाणी चढून ते फुगतात आणि सेन्सर त्यांना जास्त धूळ समजतो. धुक्याच्या सकाळचा उंच आकडा पाहून लगेच निष्कर्ष काढू नये. सोबत आर्द्रतेचा सेन्सर ठेवून ती वाचनं वेगळी काढावी लागतात.

दुसऱ्याला बनवता येईल असं मांडणं

तुमची कुंडी चालू लागली आणि ती खुली करायची ठरवलीत, तर आधी वायफायचा पासवर्ड कोडमधून काढून वेगळ्या फाइलीत ठेवा आणि ती फाइल गिटच्या, म्हणजे कोडमधल्या बदलांचा इतिहास ठेवणाऱ्या प्रोग्रामच्या, नजरेआड करा. एकदा अपलोड झालेला पासवर्ड नंतर खोडला तरी इतिहासात राहतो. तो बदलण्याशिवाय इलाज नाही. जोडणीचं चित्र द्या आणि पिन क्रमांक शब्दांतही लिहा, चित्रातल्या तारांचे रंग छापल्यावर ओळखू येत नाहीत. प्रत्येक लायब्ररीची आवृत्ती नोंदवा. कोडला एक लायसन्स आणि सर्किटला दुसरं लागतं. सर्किटसाठी सर्न या युरोपीय कणभौतिकी संशोधन संस्थेने २०११ मध्ये आणलेलं ओपन हार्डवेअर लायसन्स वापरता येतं. तुमच्या सेन्सरचे हवेतले आणि पाण्यातले आकडेही लिहून ठेवा. ते दुसऱ्याला जसेच्या तसे चालणार नाहीत, पण त्याच्या हाती २६०० ऐवजी ४०९५ आला तर बिघाड तारेत आहे एवढं त्याला लगेच कळेल.